ताकाचा पेला आणि गिअरचा दांडा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या मराठी माणसाला मोटार घ्यायची झाली, की तो आधी देवाला विचारतो, मग बायकोला विचारतो आणि मग नया बाजारात जयसिंहराव वाबळ्यांकडे जातो. देव मुहूर्त सांगतो, बायको रंग सांगते. गिअर कोणता घ्यायचा, ते जयसिंहराव सांगतात.

जयसिंहराव एका सरकारी भांडारातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी पाइप, ताडपत्र्या आणि फावडी सांभाळण्यात गेली. मोटारीच्या धंद्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण वाबळ्यांचे एक पूर्वज म्हणे दरबारच्या पागेत होते आणि त्यांचं काम लढायचं नव्हतंच. नवा स्वार आला की त्याच्या हातात काठोकाठ भरलेला ताकाचा पेला द्यायचा, त्याला घोड्यावरून मैदानाची एक फेरी मारायला लावायची आणि ताक कुठे सांडलं ते पाहून, ह्याला तो अबलख द्या, त्याला ती म्हातारी घोडी द्या, असं सांगायचं. त्या निवडीमुळे किती लढाया जिंकल्या ह्याची नोंद कुठेच नाही. "हरल्या किती, त्याचीपण नाही," असं जयसिंहरावांच्या पत्नी मंदाताई म्हणत असत.

घोडे गेले, मोटारी आल्या. पेला मात्र तोच राहिला, निदान पद्धत तरी तीच राहिली. गिऱ्हाईक आलं की जयसिंहराव आपली गडद तपकिरी पँट घालत. पांढऱ्या पँटवर ताक दिसत नाही, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं. मग गिऱ्हाइकाच्या डाव्या बाजूला बसून, मांडीवर भरलेला पेला धरून ते म्हणत, "चला. बाड्याला वळसा घालून परत."

महाराज बाड्याच्या चौकाला वळसा घालून परत येईपर्यंत त्यांच्या पँटवर त्या माणसाचा सगळा स्वभाव उमटलेला असे. गाडी हिसका देऊन सुटली की ताक पोटाकडे येतं, म्हणजे पाय जड. उशिरा ब्रेक मारला की ते गुडघ्यावर जातं, म्हणजे लक्ष दुसरीकडे. पोटावरही आणि गुडघ्यावरही पडलं, तर माणूस आणि क्लच ह्यांचं पटत नाही. नियम एकच होता आणि तो सगळ्या लष्कराला पाठ होता: ज्याचं ताक सांडत नाही त्यानं गिअर स्वतःच्या हातात ठेवावा, बाकीच्यांनी तो मशीनवर सोपवावा. ज्याचं सांडत नाही असा माणूस जयसिंहरावांच्या मते शहरात एकच होता. नम्रपणामुळे ते त्याचं नाव घेत नसत.

उरलेल्यांना कोणतं मशीन द्यायचं, ह्यात त्यांची खरी कारागिरी दिसे. कॉलेजात संस्कृत शिकवणारे श्रीपादराव दर गिअरपूर्वी थांबून विचार करत. त्यांना जयसिंहरावांनी एएमटी घ्यायला लावली. "ह्यात क्लच मशीनच दाबतं, पण गिअर बदलायच्या आधी गाडीसुद्धा क्षणभर अडते. दोघं मिळून विचार करा." शाळेच्या मुख्याध्यापिका विमलताई ह्यांना त्यांनी सीव्हीटी सांगितली. तिच्यात गिअरच्या पायऱ्याच नसतात, नुसता चढ असतो. आधी आवाज चढतो आणि गाडी मागाहून येते. "तुमच्या शाळेत तरी दुसरं काय होतं?" असं ते विमलताईंना तोंडावर म्हणाले आणि विमलताईंनी गाडी घेतली. तरुण वकील अभिराम ड्युअल क्लचसाठी अडून बसला होता, त्याला त्यांनी साफ नाही म्हटलं. "ती पुढचा गिअर आधीच काढून तयार ठेवते, मान्य. पण बाड्याच्या गर्दीत तो पुढचा गिअर लागणार कधी? उभ्या उभ्या तापेल बिचारी. तुझ्यासारखीच."

ह्या सगळ्याची फी म्हणजे एक प्लेट बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलेबी. ती गिऱ्हाइकानं आणायची आणि अर्धी मंदाताईंना द्यायची.

आणि मग एके दिवशी वाबळ्यांचीच गाडी म्हातारी झाली. तिचे कागद पुन्हा होईनात, मेकॅनिक तिला पाहिलं की नजर चुकवू लागला. नवी घ्यायची ठरली आणि घरात युद्ध पेटलं.

कारण त्याच महिन्यात मंदाताईंनी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन, शिकून, परीक्षा देऊन लायसन्स आणलं होतं. त्यांची धाकटी बहीण सरोजिनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोरारला राहते. नवरा गेला, मुलगा परदेशी, घरात एकटी. मंदाताईंना तिच्याकडे मनात येईल तेव्हा जायचं होतं. आजवर जयसिंहराव नेत असत, नाही असं नाही. पण तिथं पोचून अर्धा तास झाला की ते खिशातली किल्ली वाजवू लागत. तोंडानं काही म्हणत नसत. नुसती किल्ली वाजे. खुळ, खुळ, खुळ. सरोजिनीनं मुलाचा विषय काढला, तिचे डोळे भरून आले, की नेमकी किल्ली वाजे आणि मंदाताई चहाचा कप अर्धा टाकून उठत.

"मला ऑटोमॅटिक हवी," मंदाताई म्हणाल्या. "मी चालवणार. मी जाणार आणि मला वाटेल तेव्हा येणार."

"वाबळ्यांच्या घरात ऑटोमॅटिक?" जयसिंहरावांनी चष्मा काढला. "अगं, लोक काय म्हणतील? ज्याच्याकडे अख्खं शहर दांडा कसा धरावा हे शिकायला येतं, त्याच्याच गाडीला दांडा नाही?"

"असतो हो दांडा. पुढे आणि मागे एवढंच असतं त्याच्यात."

"पुढे-मागे तर पाळणासुद्धा जातो! ते काही नाही. मॅन्युअलच येणार."

"मग मी कशी चालवू? तुम्हीच म्हणता ना, मंदा, तुला क्लच जमायचा नाही?"

"म्हणूनच तर म्हणतो, की मी आहे ना न्यायला."

त्यांची मुलगी निधी इतका वेळ मोबाइलमधून डोकं न काढता ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, एक बात बताओ. तुमची टेस्ट कोणी घेतली?"

"माझी?"

"हां, तुमची. सगळ्यांची तुम्ही घेता. तुम्ही चालवताना पेला कोणी धरला?"

जयसिंहरावांनी चष्मा पुन्हा चढवला. त्यांना आठवेना. कारण आठवण्यासारखं काही नव्हतंच. पेला नेहमी त्यांच्याच मांडीवर असे आणि एका माणसाला दोन मांड्या असल्या तरी दोन जागा नसतात.

"ठरलं तर," निधी म्हणाली. "दोघांची टेस्ट. जुन्याच गाडीवर. ज्याचं ताक कमी सांडेल, गाडी त्याच्या पसंतीची."

"मंजूर," जयसिंहराव इतक्या झटकन म्हणाले, की मंदाताईंना त्यांची कीव आली.

पेला धरायला तटस्थ माणूस हवा होता. मंदाताईंचा धाकटा भाऊ सूर्याजी दोन गल्ल्या सोडून राहतो. तो तटस्थ होता म्हणण्यापेक्षा, ज्या घरात शेवटचं जेवण झालं त्या घराच्या बाजूचा होता, आणि ह्या बाबतीत दोन्ही पक्षांचं घर एकच होतं. शिवाय त्याची मांडी रुंद होती. त्याला जयसिंहरावांनी पूर्वी टॉर्क कन्व्हर्टरची गाडी घ्यायला लावली होती, कारण ती मऊ चालते आणि भरपूर पिते.

रविवारी सकाळी सूर्याजी आला तो मलई रंगाचा कडक इस्त्रीचा कुर्ता घालून. "इथून थेट साखरपुड्याला जायचंय, दाजी. सांभाळून हां."

"काळजीच करू नकोस. एक थेंब पडणार नाही," जयसिंहराव म्हणाले. निधीनं तरीही मामाला एक जुना रेनकोट पुढून उलटा बांधला. पेला भरला गेला. मंदाताई आणि निधी मागे बसल्या.

सुरुवात देखणी झाली. पहिला गिअर, दुसरा गिअर, क्लच लोण्यासारखा. पेल्यातलं ताक नुसतं श्वास घेतल्यासारखं हललं. सूर्याजी म्हणाला, "वा, दाजी!" आणि इथेच घात झाला. कारण कुणी वा म्हटलं की जयसिंहरावांना समजावून सांगावंसं वाटे.

"ह्याला म्हणतात पकड," ते म्हणाले आणि पकड कशी असते ते दाखवण्यासाठी त्यांनी डावा हात दांड्यावरून उचलला. "हे असं. अलगद. लगाम धरल्यागत." पुढून एक ई-रिक्षा हात न दाखवता आत घुसली. "आणि हा बघ! हा बघ अडाणी! ह्याचं ताक घेतलं तर..." हात हवेतच राहिला, पाय ब्रेकवर पडला आणि पेल्यातला पहिला घोट सूर्याजीच्या गुडघ्यावर गेला.

"दाजी, गुडघा," सूर्याजीनं अदबीनं कळवलं.

"तो रिक्षावाल्याचा दोष. धरू नकोस." गाडी तशीच वर्दळीतून निघाली. गिअर तिसरा, वेग पहिल्याचा, त्यामुळे गाडी खोकू लागली. जयसिंहरावांना खोकला ऐकू आला नाही, कारण ते दौलतगंजच्या वळणावर एक स्कूटरवाला सिलेंडर घेऊन कसा चुकीचं वळतोय, हे दोन्ही हातांनी दाखवत होते. स्टिअरिंग त्या वेळी गुडघ्यानं धरलेलं होतं.

"अहो, हात!" मागून मंदाताई.

"मंदा, परीक्षार्थीशी बोलू नये."

बाड्याच्या वळशावर श्रीपादराव आपल्या एएमटीत बसून पुढचा टेम्पो हलायची वाट पाहत होते. वाट पाहताना त्यांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधत असावा, कारण त्यांचं आख्खं शरीर त्या बाजूला वाकलेलं होतं. आपलं गिऱ्हाईक चुकतंय हे पाहून जयसिंहरावांचा जीव कळवळला. त्यांनी खिडकीतून मान, मग खांदा, मग छाती बाहेर काढली आणि ओरडले, "श्रीपादराव! क्लच नाही तिला! पाय मांडी घालून ठेवा!"

माणूस अर्धा बाहेर गेला की त्याचे पाय आपोआप आत कुठेतरी जातात. जयसिंहरावांचे क्लचवरून निसटले. गाडीनं आचका दिला, बेडकासारखी उडी घेतली आणि बंद पडली. पेला सूर्याजीच्या हातात राहिला. ताक मात्र रेनकोटच्या गळ्यातून आत शिरलं.

मागून टेम्पोवाल्यांनी हॉर्न वाजवून आपलं मत दिलं.

"दाजी," सूर्याजी म्हणाला, "पेल्यात काही उरलेलं नाही. बनियनमध्ये मात्र भरपूर आहे."

घरी परत आल्यावर मंदाताईंच्या फेरीसाठी पेला पुन्हा भरला. जयसिंहराव मागे बसले. इतक्या वर्षांत आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर ते कधी बसले नव्हते. तिथली स्प्रिंग टोचते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मंदाताईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या, नमस्कार केला आणि गाडी सोडली. त्या बोलत नव्हत्या. ई-रिक्षा मध्ये आली, त्यांनी गिअर उतरवला. गाय आली, उतरवला. गाय गेली, चढवला. बँकेच्या अलीकडे रस्ता साफ होता, तरी त्यांनी वेग कमी केला.

"इथे काय थांबायचं?" जयसिंहराव मागून म्हणाले. "रस्ता मोकळा आहे!"

तेवढ्यात एक खड्डा चाकांखालून हळूच निघून गेला.

"दिसला तुला तो?"

"दिसला नाही. आठवला," मंदाताई म्हणाल्या. "अहो, तुम्ही चालवत होतात तेव्हा माझ्या मांडीवर काय असायचं? कधी कढीचं पातेलं, कधी आमटीचा डबा, दर वर्षी गणपती. ह्या रस्त्यावरचा एकेक खड्डा मांडीला पाठ आहे माझ्या. तुम्हाला रस्ता दिसायचा. मला तो लागायचा."

पाटणकर बाजार आला, गेला. कुठे हिसका नाही, खोकला नाही. फेरी संपवून गाडी दारात उभी राहिली तेव्हा निधीनं पुढे वाकून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. पेला काठोकाठ भरलेला होता आणि सूर्याजी गाढ झोपला होता.

"मामा! उठ ना! रिझल्ट दाखव!"

सूर्याजी दचकून जागा झाला, हातात भरलेला पेला दिसला आणि तो एका दमात पिऊन टाकला.

"अरे, पुरावा प्यायलास!" जयसिंहराव किंचाळले.

"सांडलं नव्हतं म्हणून तर प्यायलो, दाजी," सूर्याजी मिशा पुसत म्हणाला. "मीठ जरा कमी आहे, अक्का." आणि बनियन बदलायला तो आत गेला.

आता खरं तर वाद संपायला हवा होता. मंदाताई जिंकल्या, त्यांना ऑटोमॅटिक हवी होती, ऑटोमॅटिक घ्यायची. पण दुपारभर जयसिंहराव पलंगावर आडवे पडून आढ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या मनात पेल्याचा नियम घोळत होता. मंदाचं ताक सांडलं नाही. म्हणजे नियमानं तिला मॅन्युअल. आपलं सांडलं. सांडलं कसलं, सूर्याजीच्या बनियनमध्ये गेलं. म्हणजे नियमानं आपल्याला मशीन. आता घरात मॅन्युअल आली, तर ती चालवायचा हक्क एकट्या मंदाचा. आणि ऑटोमॅटिक आली, तर आपणही चालवू शकतो.

चार वाजता चहाला ते उठून आले ते वेगळाच चेहरा घेऊन. "मी काय म्हणतो मंदा, तुझंच खरं. ऑटोमॅटिकच घेऊ."

मंदाताईंनी बशीतून मान वर केली. "का बरं?"

"आजकाल फार सुधारल्यात. पायाला आराम. आणि तुझी इच्छा."

"माझी इच्छा होती, कारण तुम्ही रोज म्हणायचात क्लच जमणार नाही. आज जमला की."

"जमला ना, पण रोज कशाला त्रास? लोकही आता..."

"त्या दिवशी तर 'लोक काय म्हणतील' होतं," निधी म्हणाली. "बाबा, पार्टी बदल ली?"

मंदाताई उठल्या, पदर खोचला आणि बाहेर पडल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या हातात कोपऱ्यावरच्या दुकानातली पुडी होती. बेडई आणि जिलेबी. ताटलीत काढून त्यांनी ती जयसिंहरावांपुढे ठेवली आणि समोरच्या खुर्चीवर परक्यासारख्या बसल्या.

"नमस्कार, जयसिंहराव. मला गाडी घ्यायचीय. माझं ताक तुम्ही सकाळी पाहिलंत. कोणता गिअर घेऊ?"

"मंदा, काय हे..."

"मंदा नाही. गिऱ्हाईक. फी समोर आहे."

जयसिंहरावांनी जिलेबीकडे पाहिलं. खोटं सांगणं सोपं होतं. टॉर्क कन्व्हर्टर म्हटलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती आणि ते मरेपर्यंत उजव्या बाजूला बसले असते. पण श्रीपादरावांना त्यांनी खरं सांगितलं होतं. विमलताईंना तोंडावर सांगितलं होतं. अभिरामला तर त्याच्या बापासमोर सांगितलं होतं. त्यांनी बेडईचा तुकडा मोडला, तो तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. बेडई इतकी चिवट नव्हती.

"मॅन्युअल," शेवटी ते म्हणाले. "तुमच्यासारख्यांनी गिअर मशीनला देऊ नये. मशीनचा अपमान होतो."

"आणि माझे यजमान कधी चालवतो म्हणाले तर?"

जयसिंहरावांनी हातातली बेडई ताटलीत ठेवली. "देऊ नका. फार बोलतात ते."

मंदाताई हसल्या नाहीत. ताटली उचलून त्यांनी अर्धी जिलेबी आपल्याकडे ठेवली, कारण नियम तसा होता, आणि उरलेली अर्धी जयसिंहरावांपुढे सरकवली.

गाडी पंधरवड्यानं आली. शोरूममध्ये गरिमा नावाच्या तरुण मुलीनं गाडीवरचं लाल कापड ओढलं, टाळ्या वाजवल्या आणि पुठ्ठ्याची भली मोठी नकली किल्ली फोटोसाठी जयसिंहरावांच्या हातात दिली. ते फेटा बांधून आले होते, त्यामुळे दुसऱ्या कुणाला द्यायचं तिच्या मनातच येणं शक्य नव्हतं. फोटो झाला. मग तिनं खरी किल्ली पुढे केली. "सर, आप ही ड्राइव करके ले जाएँगे ना?"

जयसिंहरावांचा हात पुढे गेला. अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी तो छातीशी नेला, फेटा सारखा केला आणि बायकोकडे बोट दाखवलं. "मॅडम. मेरा ताक सांडता है."

गरिमाला ते काय कळलं, देव जाणे. तिनं हसून किल्ली मंदाताईंना दिली.

गाडी मोरारच्या रस्त्याला लागली. जयसिंहरावांचे दोन्ही हात आता मोकळे होते. रस्ताभर ते समोरच्या प्रत्येक गाडीचा गिअर, तिच्या मालकाचा स्वभाव आणि दोघांचं कसं पटत नाही हे हातवारे करून सांगत होते, आणि मंदाताई मध्ये मध्ये त्यांचा उजवा हात दांड्यापासून बाजूला करत होत्या.

सरोजिनीनं दार उघडलं, बहिणीच्या हातातली किल्ली पाहिली आणि पाणी आणायला आत गेली. मग बसणं झालं. चहा झाला. मुलाचा विषय निघाला, सरोजिनीचा आवाज भरून आला. जयसिंहरावांनी सवयीनं खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. त्यांनी खिशातल्या खिशात बोटं हलवून पाहिली. आवाज येईना.

"सरू, सांग तू," मंदाताई म्हणाल्या. "मला काही घाई नाही."

सरोजिनी सांगत राहिली. दिवेलागण झाली, तिनं खिचडी टाकली. जयसिंहरावांनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा खाकरून पाहिलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ते पापड भाजायला बसले.